चार दिवसांत कोझिकोड आणि वायनाड दोन्ही पाहता येतील का, की एकच निवडावे?

जानेवारीत वृद्ध आईवडिलांना घेऊन चार दिवस जायचे आहे, तेव्हा केरळातील कोझिकोड (जुने नाव कालिकत) शहर पाहावे की त्यामागचा वायनाडचा डोंगराळ भाग, असे आपण विचारले आहे. मी दोनदा तिकडे गेलो आहे आणि माझे मत असे की दोन्ही पाहावेत, मात्र शहर आधी पाहावे. ज्या मिरीसाठी अरब, चिनी आणि पुढे पोर्तुगीज जहाजे या किनाऱ्याला लागली, तिच्यातील बरीचशी मागच्या डोंगरउतारांवरून खाली येत असे; त्यामुळे बंदर पाहून घाट चढला की त्या व्यापाराचे मूळ डोळ्यांसमोर येते.

मुंबईहून येणार असाल तर लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेमार्गे थेट कोझिकोडला जाते. वायनाडात रेल्वे नाही, म्हणून पुढे मोटार किंवा बस.

शहरात सर्वांत जास्त वेळ कुट्टीचिरा भागाला द्या. तेथील तळ्याजवळ मिष्काल मशीद आहे. एका अरब जहाजमालकाने चौदाव्या शतकात बांधलेल्या या मशिदीला मिनार नाही. उतरत्या छपरांचे, लाकूडकामाने भरलेले मजले एकावर एक चढत जातात आणि केरळच्या जुन्या मंदिरांचीच आठवण होते. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कच्या सैन्याने शहरावर हल्ला केला तेव्हा ती जाळली गेली आणि नंतर पुन्हा उभी राहिली. आत जाण्याचा आग्रह धरू नये. तळ्याच्या काठावरून ती फार सुंदर दिसते. सामुतिरी म्हणजे येथील राजा हिंदू होता आणि त्याच्या आरमाराचे नेतृत्व कुंजाली मरक्कार या मुसलमान घराण्याकडे होते. त्या घराण्यातील चौथ्या कुंजालीला पोर्तुगीजांनी १६०० मध्ये गोव्यात नेऊन ठार केले, हे ठाऊक असले की आपल्याकडचा आणि तिकडचा किनारा एकाच इतिहासाचे भाग वाटू लागतात. जांभ्याची आणि कौलांची घरे पाहून कोकणातल्या माणसाला तसेही परके वाटत नाहीच.

संध्याकाळी मिठाई तेरुवु या बाजारात तेथील प्रसिद्ध हलवा घ्यावा आणि समुद्रकाठी लिंबू पिळलेला कोरा सुलेमानी चहा प्यावा. वास्को द गामा १४९८ मध्ये उतरल्याचे सांगतात त्या कप्पाडला एक लहानसा स्मृतिस्तंभ आहे. वेळ कमी असेल तर मी तो वगळीन. त्याऐवजी बेपूरला जावे, कारण तेथे ‘उरू’ नावाची मोठी लाकडी जहाजे आजही कारागीर परंपरागत पद्धतीने बांधतात.

तिसऱ्या दिवशी अगदी पहाटे निघावे. तामरश्शेरीच्या घाटात नऊ तीव्र वळणे आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी तेथे वाहने तासन्‌तास अडकून पडतात. ज्येष्ठांना हा त्रास होऊ नये याची काळजी घ्यावी. माथ्यावर लक्किडी येथे साखळी बांधलेले एक झाड दिसेल. करिंतंडन नावाच्या आदिवासी तरुणाने इंग्रजांना ही वाट दाखवली आणि त्यांनी श्रेय लाटण्यासाठी त्यालाच मारले, अशी लोककथा त्या झाडाशी जोडलेली आहे. पुढे कॉफीचे मळे लागतात. जानेवारीत तोडणी चालू असते, अंगणांत फळे वाळत पडलेली असतात आणि झाडांवर मिरीचे वेल चढलेले दिसतात. थांबून, विचारून, एखादा मळा अवश्य पाहावा.

एडक्कलच्या गुहांतील नवाश्मयुगीन मानली जाणारी कोरीव चित्रे अप्रतिम आहेत, परंतु तेथवरची चढण आणि लोखंडी जिने आईवडिलांना झेपणारे नाहीत. त्यांच्यासाठी पूकोडचे तळे आणि सुलतान बत्तेरीचे जुने जैन मंदिर उत्तम. या मंदिराचा टिपू सुलतानाने दारूगोळा साठवण्यासाठी वापर केला होता आणि गावाचे नावही त्यावरूनच, म्हणजे ‘सुलतानची बॅटरी’ यावरून, पडले.

एक विनंती करतो. ३० जुलै २०२४ च्या दरडींत चूरलमला आणि मुंडक्कै ही गावे उद्ध्वस्त झाली. काही चालक ती जागा दाखवायला नेतो म्हणतात, त्यांना नाही म्हणावे. वायनाडात मुक्काम करणे, तेथील कॉफी आणि मिरी विकत घेणे, हा मात्र त्या लोकांना खरा आधार आहे.

परतताना म्हैसूरमार्गे जाणार असाल तर बंदीपूरच्या जंगलातील रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीस बंद असतो, म्हणून सुलतान बत्तेरीहून दुपारीच निघावे.