तरुणांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर पूर्वी होत नव्हता का? आताच का होतोय?

होत होता, पण कमी. आई-वडिलांकडून आलेला लिंच सिंड्रोम, म्हणजे या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष, हे एक जुनं कारण आजही आहेच. पण जनुकं काही चाळीस वर्षांत बदलत नाहीत. अमेरिकेत १९९०च्या आसपास जन्मलेल्यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १९५०च्या आसपास जन्मलेल्यांच्या दुप्पट आहे, गुदाशयाच्या कॅन्सरचा तर चौपट. लठ्ठपणा, बैठं काम, गोड पेयं, प्रक्रिया केलेलं मांस, सगळ्यांवर संशय आहे. मला जास्त पटतो तो कोलिबॅक्टिनचा धागा. आतड्यातले काही ई. कोलाय जंतू हे विष बनवतात. २०२५च्या एका अभ्यासात त्याचे डीएनएवरचे ओरखडे चाळिशीच्या आतल्या रुग्णांत सत्तरीपुढच्यांपेक्षा तिपटीहून जास्त दिसले, आणि ते बहुधा लहानपणीच पडलेले! त्यात तिशीत शौचातून रक्त पडलं की आपण मूळव्याध समजून मलम लावत बसतो. अमेरिकेने २०२१मध्ये या कॅन्सरची नियमित तपासणी सुरू करायचं वय ५० वरून ४५ वर आणलं.