ग्रुपवरच्या माणसाशी ओळख कशी वाढवावी?

तुमचा प्रश्न असा, की एका ग्रुपवर एक सदस्य फार छान लिहितो, त्याच्याशी नीट ओळख व्हावी असं वाटतं, पण आपण होऊन मेसेज केला तर आगाऊपणा दिसेल का, आणि आधी तो कोण, कुठला याची चौकशी करावी का? या शेवटच्या भागासाठी मी लिहायला बसलोय. चौकशी करू नका.

आमचा पेटीवाल्यांचा, म्हणजे हार्मोनियम वाजवणाऱ्यांचा, व्हॉट्सॲप ग्रुप आहे. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज, चंदगड, सीमेच्या अल्याडची-पल्याडची माणसं. बहुतेक भजनात वाजवणारी. पेटीवादक रामभाऊ विजापुरे ज्या बेळगावात राहिले, त्यांनी पेटी शिकवली, तिथं पेटीबद्दल प्रत्येकाला मत असतंच, त्यामुळे वादावादी रोजची. एकदा कुणीतरी टाकलं, रेडिओवर पेटीला बंदी घातली ती केसकरांनी, आपल्याच मराठी नभोवाणी मंत्र्यानं. झालं, सगळे हळहळायला लागले. तेवढ्यात एका नंबरावरून आलं : "बंदी 1940 ची. केसकर मंत्री झाले 1952 ला." पुढं नमस्कार नाही की हात जोडल्याचं चित्र नाही. फोटोच्या जागी पेटीचा उघडा भाता. या माणसाला भेटायचंच, असं माझ्या मनानं घेतलं.

मी त्याला 'आपला परिचय द्यावा' वगैरे लिहिलं नाही. माझ्या पेटीची तक्रार लिहिली. आमच्या वडगावात मंगाईची यात्रा येते ती ऐन पावसात, आणि त्या दमट हवेत माझ्या पेटीच्या काळी दोनच्या पट्टीला कंप यायला लागला होता. तिकडून उत्तर : "खर्ज की नर?" म्हणजे बिघाड त्या पट्टीच्या खालच्या सुरात की वरच्या. मला सांगता येईना. मग आलं : "पेटी घेऊन या." खाली संकेश्वरचं लोकेशन.

घरी दाजी आलेले. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे मिस्टर, आमच्या भजनी मंडळाचे आजन्म अध्यक्ष. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"कुणापैकी हाय?"

"विचारलं नाही."

"आडनाव तर काय असंल की."

"नंबर आहे."

"पेटी घालवून बसशील बघ."

गेलो. बायकोही बरोबर. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट, म्हणून तिला पैसे नाहीत, मला आहेत, आणि पेटीचं लगेज लावायचं की नाही यावर कंडक्टरशी हुज्जत. संकेश्वरात त्या दारात उतरलो तर सोप्यात मिरच्या पसरलेल्या, ठसका लागला. माणूस साठीच्या आसपासचा. "या की, बसा" एवढंच म्हणाला आणि थेट पेटीचे स्क्रू काढायला घेतले.

पुढची दुपार मी कधी विसरणार नाही. वरची फळी काढली, पट्टी दाबून कान लावला, खर्जाचा सूर उतरलाय म्हणाला. त्या सुराच्या पितळी जिभलीखाली पातळ पातं सरकवलं आणि टोकाशी अगदी हलकं खरवडलं. टोकाला खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, हे मलाही माहीत होतं, पण हात बघायचा होता. एकदा खरवडायचं, फुंकर मारायची, सूर जागेवर बसवायचा, भाता मारून नराच्या सुराशी ताडून ऐकायचं. परत काढायचं. मी म्हटलं, "आलं की आता!" तर मान हलवली. "थोडं ऱ्हायलंय. जास्त गेलं तर पितळ परत चिकटवायला येत नाही." मध्येच आपल्या बायकोला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला, चहा आला, तो तसाच गार झाला. कंप पार गेला तेव्हाच त्यानं पहिला घोट घेतला.

निघेपर्यंत मला त्याचं आडनाव ठाऊक नव्हतं. पण हा माणूस अर्धवट काम 'झालं' म्हणणार नाही, हे पक्कं कळलं होतं. सांगा, ओळख कशाला म्हणायची?

दाजींची ओळख करून घ्यायची पद्धत मी लहानपणापासून बघतोय. फार वर्षांमागं मंडळात एक पोरगा यायचा. काकडआरतीला पेटी अशी धरायचा की म्हातारी माणसं गायची थांबून त्याच्याकडं बघायची. एका पहाटे दाजींनी सगळ्यांसमोर विचारलं, गाव कुठलं, गल्ली कुठली, कुणापैकी. त्यानं खरं ते सांगितलं. कुणी त्याला जा म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याच्यापुढं पेटी कुणी सरकवेना. तो यायचा बंद झाला, पेटी माझ्याकडं आली, आणि मी कसा वाजवतो ते मंडळातल्या कुणालाही विचारा. दाजी अजून म्हणतात, "मी नुसतं विचारलं होतं."

तर तुमच्या माणसाला त्याच्या विषयातलं काम सांगा, नाहीतर तुमची खरी अडचण सांगा. 'तुमचं लिखाण आवडतं' याला लोक धन्यवाद म्हणतात आणि विषय संपतो. अडचण असली की माणूस उलट प्रश्न विचारतो. यात आगाऊपणा काही नाही. उत्तर आलं नाही तर मात्र परत टोचू नका, आणि ग्रुपवर सगळ्यांदेखत 'माझा मेसेज बघितला काय' असं तर अजिबात विचारू नका.

आता, मी पुरुष माणूस, बायको बरोबर होती, घर गजबजलेल्या गल्लीत होतं. तुम्ही मुलगी असाल तर एकटीनं अनोळखी घरी जाऊ नका, आधी चारचौघांत, हॉटेलात नाहीतर एखाद्या कार्यक्रमात भेटा, आणि कुठं चाललात ते घरी सांगून ठेवा. सुरुवातीलाच कुणी उसने पैसे मागितले तर नंबर ब्लॉक करा, तिथं माझं तत्त्वज्ञान चालवू नका.

आणि काम करून घेतलंत तर मजुरी विचारून द्या. मला त्यानं चारदा नको म्हटलं, तरी मी ठेवून आलो. ओळखीच्या नावाखाली फुकट पेट्या दुरुस्त करून घेणारे आमच्या मंडळात आहेत. नाव लिहीत नाही, अध्यक्षांना राग येईल.