नानांचे दुसरे पान

वडिलांना कर्करोगाचे निदान सांगावे की लपवावे, हा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलामुलींचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘मॅडम, कळलं तर ते खचतील.’ नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत प्रशांतने ते तासाभरात तीनदा उच्चारले. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वडिलांच्या नोकरीचा उल्लेख तेवढा त्यांच्याच परवानगीने करते आहे.

नाना 71 वर्षांचे, नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेले. रात्री चार-चारदा लघवीला उठावे लागते म्हणून तपासणी झाली, रक्तातील पीएसए (मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन) 11, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त निघाले आणि बायॉप्सीत प्रोस्टेटच्या 12 तुकड्यांपैकी 4 तुकड्यांत कर्करोग आढळला. प्रशांतने नानांना ‘इन्फेक्शन आहे, औषधाने जाईल’ असे सांगितले, अहवालाचे निदान असलेले दुसरे पान काढून स्कूटरच्या डिकीत ठेवले आणि पहिले पान तेवढे घरच्या फाइलमध्ये लावले.

त्याच्या मनात एक आकडा रुतून बसला होता : ग्लीसन 7. दहापैकी सात म्हणजे आजार शेवटाकडे पोहोचला, असा त्याने रात्री मोबाइलवर वाचता वाचता अर्थ लावला होता. वास्तविक हा आकडा आजार किती पसरला हे सांगत नाही, तर पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात हे सांगतो. शिवाय बायॉप्सीत कर्करोग म्हणून नोंदवला जाणारा सर्वांत कमी आकडाच व्यवहारात 6 असतो. नानांचा अहवाल 3 अधिक 4 असा होता, म्हणजे सौम्य ते तीव्र अशा पाच गटांपैकी दुसरा, आणि हाडांचा स्कॅन स्वच्छ होता. हे सर्व युरोसर्जननी (मूत्रविकारांच्या शल्यचिकित्सकांनी) त्याला समजावून सांगितले होते, पण ‘कॅन्सर’ या शब्दानंतरचे त्याच्या कानात काही शिरलेच नव्हते. असे फार जणांचे होते, म्हणून दुसऱ्या भेटीला प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, असे मी आग्रहाने सांगते.

लपवण्यामागची माया मला कळते. तिला मी खोटेपणा म्हणत नाही. पण या आजारात लपवाछपवी टिकतच नाही, कारण येथे निवड करायची असते आणि तिची किंमत रुग्णाच्या देहाला मोजावी लागते. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा काही काळ सुटू शकतो आणि लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. रेडिएशनने लघवीचा किंवा शौचाचा त्रास होऊ शकतो. सोबत हार्मोनची इंजेक्शने दिली, तर अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते, थकवा येतो, माणूस चिडचिडा होतो. हे सारे कोणत्या इन्फेक्शनच्या नावावर खपवणार? यांतले काय सोसायचे, हे मुलाने परस्पर कसे ठरवावे?

त्यामुळे ‘सांगायचे कसे’ यापेक्षा ‘विचारायचे कसे’ यावर आम्ही अधिक वेळ दिला. वाक्य साधे ठरले : ‘नाना, तपासणीत काय निघालं ते तुम्हाला सगळं ऐकायचंय, की डॉक्टरांनी माझ्याशी बोललेलं चालेल?’ काही वडीलधारे यावर ‘तूच बघ’ म्हणतात. तो त्यांचा निर्णय असतो, आणि तो मानावा. मात्र पुढे कधी त्यांनी विचारलेच, तर टाळू नये.

पुढच्या आठवड्यात नाना स्वतःच प्रशांतबरोबर आले. प्रशांतला वाक्य पुरे करावेच लागले नव्हते. नानांनी पिशवीतून अहवालाचे पहिले पान काढले, माझ्यासमोर धरले आणि तळाशी छापलेल्या ‘पान 2 पैकी 1’ या ओळीवर नख टेकवले. मग वरच्या कोपऱ्यातली पिनेची भोके दाखवली; एकदा काढून पुन्हा मारलेल्या पिनेची ती चार भोके होती. ‘मॅडम, आयुष्यभर कागद तपासले मी. एक शीट कमी निघालं तर आम्हाला घरी सोडत नसत.’ बारा दिवस त्यांना ठाऊक होते आणि मुलगा खचेल म्हणून ते गप्प होते. ‘त्यांना काहीच माहीत नाही’ हे प्रशांतचे म्हणणे मीही पहिल्या भेटीत तपासल्याविना मान्य केले होते, ही माझी चूक.

मग नानांनी प्रशांतला दहा मिनिटे बाहेर बसायला सांगितले. लघवीचे पॅड, पत्नीशी असलेले नाते, लग्नकार्यात कपडे ओले झाले तर काय, हे प्रश्न मुलासमोर निघाले नसते. कुटुंबीयांनी ही दहा मिनिटे डॉक्टरांकडेही आवर्जून मोकळी ठेवावीत.

प्रशांतची स्वतःची भीती शेवटी, दाराशी उभ्या उभ्या बाहेर आली : ‘मलाही होईल का?’ वडिलांना हा आजार असल्यास मुलाचा धोका साधारण दुपटीने वाढतो, पण म्हणजे तो होतोच असे नाही. प्रशांत 43 वर्षांचा आहे. पीएसए तपासणी केव्हा सुरू करायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायला त्याच्याकडे वेळ आहे.

दुसरे मत घेण्यासाठी बापलेक पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेले. परतल्यावर नाना भेटले, तेव्हा फाइल त्यांच्याच मांडीवर होती आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी लाल पेनाने क्रमांक घातले होते, 1 ते 34. डिकीत राहिलेल्या पानाला स्कूटरच्या ऑइलचा डाग पडला होता. त्यावर क्रमांक 2 होता.