अंदमानला माल पाठवताय? ई-वे बिलात ‘रोड’ निवडू नका

प्रश्न : आमचा हळद पावडरीचा व्यवसाय आहे. पोर्ट ब्लेअरच्या व्यापाऱ्याची दोन लाखांची ऑर्डर आलीय. माल ट्रकने चेन्नई, पुढे जहाजाने जाईल. अंदमान केंद्रशासित, मग बिलात यूटीजीएसटी (केंद्रशासित प्रदेशाचा जीएसटी) लावायचा का? समुद्रापार जातोय म्हणून कस्टम ड्युटी बसेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही नाही. माल देशातल्या देशातच जातोय, त्यामुळे ड्युटीचा प्रश्न नाही. यूटीजीएसटी लागतो तो बेटांवरच्या बेटांवर झालेल्या विक्रीला. तुमची विक्री आंतरराज्य, म्हणून आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी). हळद पावडरीला ५ टक्के, म्हणजे २,००,००० वर १०,००० रुपये. जीएसटी नोंदणी हवीच. वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणीतून मिळणारी सूट आंतरराज्य मालविक्रीला चालत नाही आणि कंपोझिशनवाल्यांना (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेतल्यांना) अशी विक्री करताच येत नाही.

बिलात ‘प्लेस ऑफ सप्लाय’ (पुरवठ्याचं ठिकाण) म्हणून अंदमानचा कोड ३५ टाका. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण कोड बदललेला नाही. सॉफ्टवेअरमध्ये महाराष्ट्राचा २७ तसाच राहिला तर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यांतर्गत विक्रीवरचा केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) लागतो. मग आयजीएसटी पुन्हा भरायचा आणि चुकून भरलेला कर आरएफडी-०१ या परताव्याच्या अर्जाने दोन वर्षांच्या आत परत मागायचा. व्याज लागत नाही, पण तोवर पैसे अडकतात ते अडकतातच.

खरी गोची ई-वे बिलात, म्हणजे माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या परवान्यात होते. माल ५० हजारांच्या वरचा, म्हणजे ते लागणारच. सवयीने बोट ‘रोड’वर जातं. तिथे दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. सगळं अंतर साधारण २,४०० किलोमीटर धरलं तर १२ दिवस. माल चेन्नईच्या गोदामात जहाजाची वाट बघत पडला की त्यातच मुदत संपते. प्रवासाचा एक टप्पा जरी जहाजाचा असेल तरी दर २० किलोमीटरला एक दिवस, असा नियम आहे. जहाजाचा पर्याय निवडलात तर त्याच अंतराला १२० दिवस मिळतात. एका ड्रॉपडाउनचा फरक!

सांगलीहून निघताना ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये (वाहतुकीच्या माहितीत) ट्रक नंबर भरा. माल जहाजावर चढला की बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीच्या माल-पावतीचा) नंबर आणि तारीख टाकून तो अपडेट करा. जहाजाच्या बाबतीत ही माहिती माल निघाल्यावर भरली तरी चालते. एजंटाकडून बिल ऑफ लेडिंगचा फोटो त्याच दिवशी मागवून घ्या. मुदत वाढवायचीच झाली तर ती संपण्याआधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, एवढीच खिडकी. मुदत संपलेल्या बिलासह माल अडवला गेला तर कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. तुमच्या बाबतीत २०,००० रुपये.

प्रश्न : कंपनीची परिषद अंदमानातल्या स्वराज द्वीपवर घेतली. हॉटेलने सीजीएसटी आणि यूटीजीएसटी लावलाय. या कराचं क्रेडिट (आमच्या जीएसटीतून वजावट) मिळेल? – पुण्यातील एक वाचक

उत्तर : नाही. हॉटेलच्या सेवेचं ठिकाण म्हणजे हॉटेल जिथे आहे तेच. महाराष्ट्राच्या नोंदणीवर तिथल्या सीजीएसटीचंही क्रेडिट घेता येत नाही. हॉटेलवाल्याशी वाद घालू नका, त्याचं बिल बरोबर आहे.