आजी-नातवाची चित्रपुस्तकं: वाचायला आजीलाच बसवा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला, पण मोबाईलवर घाईत चार नावं टाकून मोकळं व्हायचं नव्हतं, म्हणून आज निवांत बसून लिहितेय. तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेपाच वर्षांचा, इंग्लिश मीडियमला, घरात कोंकणी, आणि सासूबाई पेडण्याचं घर बंद करून आता कायमच्या तुमच्याकडे म्हापशाला आल्यात. त्या मराठी वाचतात, इंग्लिश येत नाही, आणि मुलगा त्यांच्याजवळ दहा मिनिटं पण बसत नाही. म्हणून तुम्हाला वेगवेगळ्या देशांतल्या आजी-आजोबांची आणि नातवंडांची चित्रपुस्तकं हवी आहेत, जी तुम्ही त्याला रोज रात्री वाचून दाखवाल.

मी इथे गोव्यातच, डिचोलीकडे आमच्या वाड्यावरच्या मुलांना दर रविवारी पुस्तकं घेऊन बसते, तेरा वर्षं झाली. पुस्तकं सुचवते, भरपूर आहेत. पण आधी एक सांगते, पुस्तक तुम्ही वाचू नका. आजीला वाचू दे.

हे मी चुकून चुकून शिकले. सुरुवातीला मी पण आजीवरची पुस्तकं आणायचे आणि मुलांना गोल बसवून इंग्लिशचं कोंकणी करत करत स्वतःच वाचायचे, आणि खऱ्या आज्या बाहेर सोप्यावर बसून असायच्या, नातवाला घरी न्यायची वाट बघत. आतमध्ये आजीची गोष्ट चाललीय आणि आजी बाहेर! एकदा पाऊस आला म्हणून सगळ्यांना आत घेतलं. त्या दिवशी माझ्या हातात प्रिया कुरियन यांचं 'अम्माचीज ग्लासेस' होतं, तूलिका प्रकाशनाचं. त्यात शब्दच नाहीत, नुसती चित्रं. केरळातली एक आजी सकाळी उठते आणि तिचा चष्मा सापडत नाही, मग दिवसभर जो गोंधळ होतो तो. मी पुस्तक सहज शेजारी बसलेल्या एका आजीच्या मांडीवर ठेवलं. तिनं आधी पदरानं आपला चष्मा पुसला, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पळय, तिका कितेंच दिसना." (बघ, तिला काहीच दिसत नाही.) मग स्वतःचा चष्मा काढून नातवाच्या नाकावर चढवला आणि विचारलं, "आतां सांग, तुका कितें दिसता?" त्याला सगळं धूसर दिसायला लागलं, चष्मा नाकावरून घसरतोय, एका हातानं तो धरून दुसऱ्या हातानं तो पान चाचपडायला लागला. त्या एका पानावर दोघं किती वेळ होते मला माहीत नाही, पण पाऊस थांबला तरी कोणी उठलं नाही.

तुमच्याकडे तर हे सोपं आहे. तुमच्या सासूबाई साठीच्या आसपास असतील तर त्या बहुतेक गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळेत गेल्या असणार. आपल्याकडे असंच आहे ना, बोलायचं कोंकणीत, पोथी आणि पेपर वाचायचा मराठीत, आणि नातू एबीसीडीवाला. एका घरात तीन भाषा आणि आजी-नातवाची गाठ मध्ये कुठेच पडत नाही. चित्राला यातली कुठलीच भाषा लागत नाही, म्हणून पहिलं पुस्तक बिनशब्दांचंच घ्या.

दुसरं, पुस्तक निवडताना मी आता एकच बघते, की यातली आजी किंवा आजोबा हातानं काय करतात. खूप पुस्तकांत आजी म्हणजे सणाचे कपडे घालून बसलेली आणि "आपली संस्कृती" समजावून सांगणारी बाई असते, प्रत्येक देशाची एक, एकीच्या डोक्याला रुमाल, एकीचा किमोनो. अशी पुस्तकं मुलांना अजिबात आवडत नाहीत, माझ्याकडची तर दोन पानांत उठून जातात. याउलट आजी काहीतरी सोलतेय, ओढतेय, शोधतेय, चुकतेय असं असलं की चिकटून बसतात.

तुमच्या घरासाठी सगळ्यात जवळचं म्हणजे मेग मेदिना यांचं 'मँगो, आबुएला अँड मी', 2015 चं. अमेरिकेत राहणारी छोटी मिया, तिची आजी आपलं दूरचं घर सोडून कायमची त्यांच्याकडे राहायला येते. आजीला इंग्लिश येत नाही, मियाला स्पॅनिश धड येत नाही, आणि दोघींना खोली एकच. आणि ताई, आजीचं सोडून आलेलं घर दोन नद्यांच्या मधलं आहे! पेडणे तरी काय, तेरेखोल आणि शापोरा यांच्यामधलाच तालुका. मी वाचताना तिथंच थांबले होते. मग मिया घरातल्या वस्तूंवर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवते, आणि पुढे मँगो नावाचा एक पोपट येतो जो दोन्ही भाषा शिकतो. चिठ्ठ्यांचं मी आमच्याकडे करून बघितलंय आणि ते चालतं. आजीनं मोठ्या देवनागरी अक्षरात लिहायचं, नातवानं इंग्लिशमध्ये, एकाच कागदावर, आणि चिकटवायचं. फक्त टेबल-खुर्चीवर चिकटवू नका, ते शब्द त्याला येतात. आदोळी (नारळ खवायची विळी), पाट, फडताळ, समई, अशा ज्या वस्तूंची नावं फक्त आजीच घेते त्यांच्यावर लावा.

'ड्रॉन टुगेदर' हे 2018 चं, लिहिलंय मिन्ह ले यांनी आणि चित्रं डॅन सँटॅट यांची. नातवाला आजोबांकडे सोडून आई जाते. आजोबा थाई बोलतात, नातू इंग्लिश, जेवणसुद्धा दोघांचं वेगळं, टीव्ही लावला तर तो पण एकमेकांना कळत नाही. बराच वेळ पुस्तकात काही बोलणंच नाही, ती शांतता चित्रांत इतकी बरोबर आलीय की मोठ्यांना जास्त लागते. मग कंटाळून नातू चित्र काढायला लागतो आणि आजोबा आतून आपली वही आणि ब्रश घेऊन येतात. यात आजोबांचं बोलणं थाई लिपीतच छापलंय, भाषांतर न करता. ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, कारण आपल्या मुलाला ती अक्षरं वाचता येत नाहीत, आजीलाही नाहीत, म्हणजे त्या पानावर दोघं एकसारखे. तुमच्या सासूबाई चित्रं काढत नसतील पण रांगोळी तर घालत असतील ना? हे वाचून झालं की ठिपके काढायला बसवा दोघांना.

आता माझं सगळ्यात लाडकं. 'माय ग्रँडमा अँड मी', मीना जवाहरबिन यांचं, 2019. इराणमधलं त्यांचं स्वतःचं बालपण. छोटी मीना आजीच्या मागेमागे सगळीकडे, आजीच्या चादोरचं, म्हणजे तिथल्या बायका अंगभर घेतात त्या कापडाचं, पांघरूण करून तिचे खेळ चाललेले. पाव घेऊन मुलगा आला की आजी वरच्या मजल्याच्या खिडकीतून टोपली दोरीनं खाली सोडते आणि पाव वर ओढून घेते. आमच्याकडे हे पान उघडलं की कोणीतरी "पोदेर!" (पाववाला) म्हणून ओरडतंच, आणि मग पाच मिनिटं सगळ्यांचा त्याच्यासारखा पों पों भोंगा. ओरडू द्यावं. पण पुस्तकाचा जीव पुढे आहे. शेजारच्या घरातली तिची मैत्रीण ख्रिश्चन, तिलाही आजी, दोन्ही आज्यांची घट्ट मैत्री. एक मशिदीत जाते, एक चर्चमध्ये, आणि दोघी एकमेकींसाठी प्रार्थना करतात. आपल्या मुलांना यात समजावून सांगण्यासारखं काहीच नाही. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, आपण शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतो, फेस्ताला (तिच्या उत्सवाला) हिंदू लोकं तेल घेऊन रांगेत उभी असतात, आणि तुमच्या सासूबाई आता त्याच गावात आल्यात. त्यांना या सात देवी-बहिणींची गोष्ट येत असणारच, या पुस्तकानंतर ती त्यांनाच सांगायला लावा. मी सांगायला गेले तर मुलं म्हणतात पुस्तकात असं नाहीये, आजीनं सांगितलं की निमूट ऐकतात.

जून लागला की पॅट्रिशिया पोलॅको यांचं 'थंडर केक', 1990 चं. मिशिगनमधलं शेत, रशियातून आलेली आजी, आणि गडगडाटाला घाबरून पलंगाखाली गेलेली नात. आजी म्हणते, हे वादळ आपल्यावर यायच्या आत केक भट्टीत गेला पाहिजे, आणि मग अंडी, दूध गोळा करत दोघी धावतात, वीज चमकली की आकडे मोजतात. केकमध्ये शेवटी टोमॅटो पडतो. मोजायचं गणित मात्र आपलं आपण सांगावं, आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात, म्हणजे वीज दिसल्यावर 9 मोजले तर ती 3 किलोमीटरवर. लाईट गेलेली असते, आजी मोजत असते, भीती कमी होतेच.

आपल्या इथल्यांपैकी राजीव आयप यांचं 'अम्माचीज अमेझिंग मशिन्स' नक्की घ्या. नारळाची बर्फी करता करता तरफ, कप्पी अशी साधी यंत्रं आजी आणि नातू मिळून वापरतात. हे प्रथम बुक्सचं आहे, त्यांच्या स्टोरीवीव्हर साईटवर फुकट वाचता येतं आणि प्रिंटही काढता येतं. तिथं मराठी आणि कोंकणी दोन्हीत बरीच पुस्तकं आहेत. पण एक विनंती, फोनवर दाखवू नका, प्रिंट काढून स्टेपल मारा. फोन हातात आला की मुलगा आजीला सरकवून पुढे स्वाइप करत जातो, तिला बोट ठेवायलाच मिळत नाही.

मराठीत आजीनं अक्षरं वाचून दाखवावीत असं वाटत असेल तर माधुरी पुरंदरे. त्यांचा 'राधाचं घर' हा संच या वयाला बरोबर बसतो, घरातलं एकेक माणूस एकेका पुस्तकात. वाक्यं बोलल्यासारखी आहेत, आजीच्या तोंडात सहज बसतात. बाकी मराठीत परदेशातल्या आजी-आजोबांवरची चांगली चित्रपुस्तकं मला फार सापडली नाहीत, त्यामुळे वरची इंग्लिशच घेऊन आजीनं आपल्या भाषेत सांगायची.

थोडा मोठा झाला की, म्हणजे सातेक वर्षांचा, ॲलन से यांचं 'ग्रँडफादर्स जर्नी'. चित्रपुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं कॅल्डेकॉट मेडल 1994 मध्ये मिळालेलं. आजोबा तरुणपणी जपानहून बोटीनं अमेरिकेला जातात, कॅलिफोर्नियात घर करतात, मग जपानची आठवण काढत परत येतात, आणि परत आल्यावर कॅलिफोर्निया आठवत राहतात, मध्येच युद्ध होतं आणि पुन्हा जाणं होतच नाही. गोव्यात हे कोणाला सांगायला लागतं? माझ्याकडच्या एका मुलाचा शापांय (आजोबा) तारवटी, म्हणजे खलाशी होता, उभं आयुष्य जहाजावर गेलं. त्या मुलानं हे पुस्तक घरी नेलं ते तीन आठवडे परत आणलं नाही. मग कळलं की शापांय रोज संध्याकाळी बलकांवात (घरापुढच्या ओट्यावर) बसून ते उघडतो आणि बोटीचं चित्र बघून आपली बंदरं सांगत बसतो. मी दुसरी कॉपी मागवली.

'लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट' पण चांगलं आहे, आजीबरोबर बसनं जाणारा मुलगा विचारतो आपल्याकडे गाडी का नाही. ते वाचून झालं की दोघांना कदंबच्या सरकारी बसमध्ये बसवून पेडण्याला पाठवा. तुम्ही जाऊ नका सोबत.

टोमी डी पाओला यांचं 'नाना अपस्टेअर्स अँड नाना डाऊनस्टेअर्स', 1973 चं, हे माहीत असू द्या पण आत्ता नको. त्यात पणजी वारते. 94 वर्षांची पणजी पडू नये म्हणून तिला खुर्चीला बांधतात, आणि छोटा टॉमी म्हणतो मला पण बांधा. फार सुंदर पुस्तक आहे, पण नातं अजून जुळायचंय, तिथं ते पहिलं नको.

विकत घेण्याआधी बघून घ्या, बाहेरून येणारी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं महाग पडतात. पणजीत बुकवर्म नावाची संस्था आहे, 2005 पासून मुलांसाठीच काम करतात, त्यांच्याकडे विचारा. पणजीतल्याच पाटो भागातल्या सेंट्रल लायब्ररीतही मुलांचा विभाग आहे, ती लायब्ररी तर 1832 ची. सासूबाईंना घेऊन जा आणि पुस्तक त्यांना निवडू द्या, त्या चित्रं चाळून काय उचलतात ते बघा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की सासूबाई म्हणतात "मला कुठे येतं वाचायला इंग्लिश". हे प्रत्येक आजी म्हणते. त्यांना वाचा म्हणूच नका. दुपारी त्या नारळ खवायला आदोळीवर बसल्या की अम्माचीचं मशीनवालं पुस्तक उघडून शेजारी ठेवा, नारळाचं पान वर करून, आणि तुम्ही कपडे काढायला गच्चीवर जा. मुलगा विचारेलच हे काय म्हणून. आणि हो, आदोळीचं पातं धारदार असतं, हात धरून शिकवायला सांगा, लांब बस म्हणून हाकलू नका.