पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ हा सिनेमासाठी उरकून टाकलेला अल्बम आहे का? ऐकावा का?

उरकलाच आहे. मग काय झालं?

दिग्दर्शक बार्बे श्रोडरच्या ‘ला व्हाले’ या सिनेमासाठी ही मंडळी १९७२च्या फेब्रुवारीत पॅरिसजवळच्या शातो देरूव्हिल या जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत जाऊन बसली. आठवडाभर काम, मग जपानचा दौरा, मार्चमध्ये परत येऊन आणखी आठवडाभर, की संपलं. सिनेमाचा कच्चा कट बघायचा, स्टॉपवॉच लावून वेळा टिपायच्या आणि त्या हिशोबाने वाजवायचं.

स्टॉपवॉचवरून सांगतो. कॉलेजात मी एकांकिकांना संगीत द्यायचो. एकदा चांगला लांबलचक तुकडा बसवून नेला, तर दिग्दर्शिका मोबाइलवर वेळ लावून म्हणाली, “आई दार उघडते तिथपासून खुर्चीत बसेपर्यंत चौदा सेकंद. बाकीचं काढ.” चडफडत काढलं. उरले पेटीचे दोन स्वर आणि भात्याचा श्वास. प्रयोगाच्या दिवशी सेटच्या दाराची कडी अडकली. आई आत येईना. मी विंगेत दुसरा स्वर धरून भाता हळूहळू सोडत बसलो, आणि थिएटरात खोकलासुद्धा ऐकू येईना. सगळ्यांना वाटलं, तसंच बसवलंय.

माझा रूममेट प्रेक्षकांत होता. गिटार वाजवायचा, स्वतःचा बँड होता, फ्लॉइडचा परमभक्त. म्हणाला, “मस्त होतं, पण हे म्युझिक नाही. ऑर्डरप्रमाणे वाजवणं म्हणजे वरातीचा बँड. नाटकाबाहेर ऐकवून दाखव.” त्यावरून आमचं वर्षभर वाजलं.

तर हा अल्बम सिनेमाबाहेर अगदी शब्दशः उभा आहे. रेकॉर्डिंगनंतर बँडचं आणि फिल्म कंपनीचं बिनसलं, म्हणून त्यांनी सिनेमाचं नाव न घेता आपलं वेगळंच नाव दिलं. शेवटी सिनेमालाच ते नाव कंसात लावून घ्यावं लागलं! आणि सेकंदांच्या त्या जाचाने या बँडचं भलंच केलं. आदल्या वर्षीचं त्यांचं ‘एकोज’ हे एकच गाणं २३ मिनिटांचं. इथे दहा ट्रॅक, एकही सहा मिनिटांपर्यंत पोचत नाही. ‘फ्री फोर’ टाळ्यांच्या ठेक्यावर उड्या मारत जातं आणि त्यातच बँडचा बेसवादक रॉजर वॉटर्स युद्धात मेलेल्या बापाबद्दल बोलून जातो. तोच विषय पुढे त्याने अख्ख्या अल्बमभर ताणला. मला इथलाच जास्त लागतो. ‘वॉट्स... अ द डील’ तर बँडचा गिटारवादक गिल्मोरने २००६च्या दौऱ्यात पुन्हा वाजवलं. उरकलेली गाणी कोणी चौतीस वर्षांनी काढत नाही.

सगळंच सोनं आहे असं नाही. ‘द गोल्ड इट्स इन द...’ कुठल्याही बँडने वाजवलं असतं. ‘मडमेन’ म्हणजे ‘बर्निंग ब्रिजेस’चीच चाल, शब्द काढून. आणि ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा त्यांचा पुढचा, गाजलेला अल्बम यातून जन्मला असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. तो १९७२च्या जानेवारीपासूनच ते मंचावर वाजवत होते.

सुरुवात ‘चाइल्डहूड्स एन्ड’पासून करा, मग पहिली बाजू. शेवटच्या ट्रॅकमध्ये पापुआ न्यू गिनीतल्या मापुगा लोकांचं गाणं आहे, ते पुढे ढकलू नका. सिनेमा नाही पाहिला तरी चालेल.

आणि कोणी “पैशासाठी केलं होतं” म्हणालंच, तर ‘डार्क साइड’मधलं ‘अस अँड देम’ लावा. ती कीबोर्डवादक रिक राइटची चाल १९६९मध्ये दिग्दर्शक आंतोनिओनीच्या ‘झब्रिस्की पॉइंट’ या सिनेमातल्या दंगलीसाठी, म्हणजे ऑर्डरप्रमाणेच, बनली होती. त्याने ती नाकारली म्हणून बँडकडे उरली. आमच्या रूममेटचं ते सगळ्यात लाडकं गाणं. हे सांगितलं त्या रात्री त्याने विषय मेसच्या बिलावर नेला.