मातीतला कार्बन मोजताना घनता विसरू नका

नुसती कार्बनची टक्केवारी आणून भागत नाही, घनताही लागते. ठरावीक आकारमानाची नळी ठोकून ० ते ३० सेंमी थराचा नमुना घ्या आणि १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. कोरडं वजन भागिले आकारमान, झाली घनता. मग कार्बनचे टक्के × घनता (ग्रॅम प्रति घनसेंमी) × खोली (सेंमी) म्हणजे हेक्टरी टन कार्बन: १ × १.३ × ३० = ३९. (खडे असतील तर त्यांचा वाटा वजा करा, हे हमखास राहून जातं.) ठोकताना माती दबली की घनता फुगते. नळीतली पातळी बाहेरच्यापेक्षा खाली गेली तर नमुना सरळ फेका. कार्बनचा नमुना मात्र सावलीत वाळवून २ मिमी चाळणीतून काढा. आम्लाच्या थेंबाने फसफसली तर मातीत चुनखडी आहे. ज्वलनयंत्र (माती जाळून कार्बन मोजणारं यंत्र) चुनखडीतलाही कार्बन मोजतं, म्हणून फक्त सेंद्रिय कार्बन हवा असेल तर आधी आम्लाने तो घालवा.